आडवी टाळी

विसीच्या हातांबद्दल वस्तीत दुमत नव्हतं. सेव्हियाच्या दक्षिण टोकाला त्या सहा-सहा मजली इमारती आहेत ना, तिथे लग्न असो, बाप्तिस्मा असो, की कुणी तुरुंगातून सुटून घरी आलेलं असो, नाच रंगायचा म्हटला की पहिला निरोप विसीला जायचा. तिनं टाळी धरली की बारा मात्रांचा ताल पक्का बसायचा. मग नवरदेवाचा दारू प्यायलेला काकासुद्धा चार पावलं बरी टाकून जायचा. गुडघा कामातून जाण्याआधी ती स्वतःही नाचायची, आणि नीट नाचायची. हा ‘नीट’ शब्द लक्षात ठेवा. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात विसी जी काही जळली, ती या एका शब्दापायी जळली.

झालं असं होतं की विसी आणि तिची मामेबहीण सालूद, दोघीही नऊ वर्षांच्या असताना, कुठल्याशा चुलत्याच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. सालूदला आईबाप नव्हते. ती विसीच्याच घरात, विसीच्याच पलंगावर, विसीचीच चादर ओढून झोपायची. त्या दिवशी दोघींना रिंगणात ढकललं. विसी आधी नाचली. एक पाऊल इकडचं तिकडे झालं नाही. तिची आई पास्तोरा खुर्चीत बसून ऐकत होती. ती म्हणाली, "नीट." मग सालूद उठली. तिचा झगा सुटला, ती एका पायावर लंगडली, स्वतःच खुदकन हसली आणि हसता हसता टाच अशी काही आपटली की पास्तोराच्या तोंडून निघून गेलं, "ओले!"

आता ओले म्हणजे काही शाबासकी नव्हे. शाबासकी शिष्टाचार म्हणून देता येते. ओले मागायचं नसतं, ठरवून द्यायचं नसतं, ते तोंडातून निसटावं लागतं. नाट्यगृहातले परदेशी पाहुणे दर मिनिटाला ओले ओले करतात, तेव्हा वस्तीतली माणसं दुसरीकडे बघतात. पास्तोरा तर या बाबतीत कंजूषच. तिच्या तोंडून आयुष्यात चार वेळा ओले निघालं असेल. त्यातली तीन माणसं कधीच मातीत गेली आणि चौथी सालूद.

पंचेचाळीस वर्षं झाली त्याला. या काळात विसीचं लग्न झालं. नवरा स्ट्रॉबेरी तोडायला वेल्व्हाला गेला आणि परत यायचं विसरला. तिनं दंतवैद्याचा दवाखाना पुसला, तीन बिल्डिंगांचे जिने धुतले, चर्चच्या हॉलमध्ये पोरींना पावलं शिकवली, आईची साखर सांभाळली. सालूद बाविसाव्या वर्षी बार्सेलोनाला निघून गेली. तिथून तिच्याबद्दल जे कानावर यायचं ते ऐकून वस्ती तोंडावर हात ठेवायची. म्हणे ती गिटारीशिवाय नाचते. म्हणे एका पायात टाचेला खिळे ठोकलेला नाचाचा बूट आणि दुसरा पाय अनवाणी. म्हणे एकदा सिमेंटच्या गोणीवर नाचली आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"दुसरा बूट कुत्र्यानं नेला असेल," विसी म्हणायची. बायका हसायच्या. विसीला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

आणि या वसंतात ती बया परत आली. आत्या म्हातारी झाली, म्हणे. आली ती थेट विसीच्याच घरी, विसीच्याच सोफ्यावर. केस पांढरे, आखूड कापलेले, अंगात पुरुषी पॅन्ट, पण पोट सपाट. दोन्ही गुडघे शाबूत. विसीनं पहिल्या दिवशी सगळ्यात आधी गुडघेच बघितले.

जूनपासून वस्तीत वीज जायला लागली. दरवर्षीच जायची, पण या वर्षी ताळतंत्रच सोडलं. दुपारी त्रेचाळीस अंश उकाडा आणि दिवसातून दोनदा-तीनदा सगळं ठप्प. कंपनी म्हणायची, तुमचे लोक चोरून तारा जोडतात. जोडणारे होतेच, ते कुणी नाकारत नव्हतं. पण विसीसारख्यांच्या घरात रीतसर मीटर होता, त्यांचाही फ्रिज चोरांच्या फ्रिजबरोबरच बंद पडायचा. आणि विसीच्या फ्रिजमध्ये पास्तोराचं इन्शुलिन होतं.

त्यामुळे वीज गेली की विसीचा एक ठरलेला क्रम असायचा. फ्रिजचा दरवाजा दोन बोटं उघडायचा, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. त्या फटीत नाक घालून मासे हुंगायचे. मग आत हात घालून इन्शुलिनची डबी काढायची आणि गालाला लावून बघायची, गार आहे की नाही. गालावर विसीचा थर्मामीटरपेक्षा जास्त विश्वास होता. मग डबी ओल्या टॉवेलात गुंडाळायची, पिशवीत घालायची आणि दुखऱ्या गुडघ्यानं सहा मजले उतरायचे, कारण लिफ्टही बंद. तीन गल्ल्या पलीकडे कुर्रोचा बार, त्याच्याकडे जनरेटर. तिथे फ्रिजमध्ये, बिअरच्या बाटल्या आणि कोळंबीच्या मध्ये, डबी ठेवायची.

"माझ्या औषधाला कोळंबीचा वास येतो," पास्तोरा कुरकुरायची.

"मग कोळंबी टोचून घे," विसी म्हणायची.

सालूद सोफ्यावर बसून हे सगळं बघायची. एकदा म्हणाली, "दे, मी जाते." विसीनं पिशवी छातीशी धरली आणि एकटीच खाली उतरली. आईची सेवा तरी तिच्या एकटीची होती. त्यात वाटेकरी नको होता.

जुलैमध्ये वस्तीतल्या नेरेआनं बैठक बोलावली. नेरेआ शाळेत शिकवते, हुशार पोरगी, पण बोलताना हात फार नाचवते. ती म्हणाली, अर्ज देऊन झाले, सह्या देऊन झाल्या, रस्त्यावर टायर जाळून झाले. टायर जाळले की पेपरात आपल्यालाच गुंड म्हणतात. आता कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात ग्राहक म्हणून जायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची, आणि आपला नंबर आला की नाचायचं. सालूद मावशी नाचेल. तिनं बार्सेलोनात बँकांत असंच केलंय.

"आणि टाळीला विसी मावशी," नेरेआ म्हणाली. "दुसरं कोण?"

दुसरं कोण! विसीला ते ऐकून आधी बरं वाटलं, आणि जिना चढता चढता वाईट वाटलं. नाचायला सालूद, टाळीला विसी.

तालीम चर्चच्या हॉलमध्ये होती. सालूदनं कचऱ्यात टाकलेल्या फ्रिजचा दरवाजा कुठूनसा आणला होता. तो जमिनीवर आडवा टाकून ती त्यावर उभी राहिली. एका पायात बूट, एक पाय उघडा. गिटार नाही, गाणं नाही, फक्त विसीची टाळी. बुटाचा आवाज पत्र्यावर खणखणत होता, उघड्या पायाचा नुसता थप्प असा. वीज असणं आणि नसणं, विसीला न सांगता कळलं, आणि कळलं म्हणून ती आणखी चिडली. मग सालूद कमरेत वाकली. तिनं हवेत दोन बोटं फट उघडली. फटीत नाक घातलं. हुंगलं. हात आत घातला, काहीतरी काढलं आणि ते गालाला लावून डोळे मिटले.

विसीची टाळी थांबली.

"ही कुणाची नक्कल?"

"नक्कल कसली, नाच आहे," सालूद धापा टाकत म्हणाली.

"मी आहे ती!"

"मग तूच आहेस. तुझ्यासारखं दुसरं कोण करतं? बार्सेलोनात वर्षभर डोकं फोडलं असतं तरी मला हे सुचलं नसतं. विसी, लोक रडतील बघ."

"मला विचारलंस?"

"घरात राहते, बघते. विचारायचं काय त्यात?"

बाकीच्या बायकांनी डोळे पुसले होते. त्यातल्या एकीनं तर विसीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "किती हुबेहूब गं! आत्ता कळलं तुझे काय हाल होतात ते." म्हणजे दोन महिने विसी यांच्या डोळ्यांदेखत पिशवी घेऊन लंगडत जात होती तेव्हा कुणाला काही कळलं नव्हतं. सालूदनं हवेत नाक घातलं तेव्हा कळलं. हाल विसीचे आणि कौतुक सालूदचं! चादर नेली, आईचं ओले नेलं, आता हिच्या नशिबातला फ्रिजसुद्धा उचलून नेला. विसीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती हसली आणि म्हणाली, "चला, पुन्हा पहिल्यापासून." आणि टाळी वाजवता वाजवताच तिनं ठरवलं.

टाळी वाजवणाऱ्यांना एक गोष्ट येते जी कुणी बोलून दाखवत नाही. आठव्या मात्रेनंतर टाळी अर्ध्या मात्रेनं अलीकडे घ्यायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, पण नाचणाऱ्याचा पाय पायरी नसलेल्या ठिकाणी पडतो. याला वस्तीत आडवी टाळी म्हणतात. ती मारणं हे जेवणाऱ्याच्या ताटात थुंकण्याइतकं हलकट काम. विसीनं आयुष्यात एकदाच मारली होती, नवरीच्या अंगचटीला येणाऱ्या एका दारुड्याला खाली बसवायला.

मंगळवारी अकरा वाजता बाराजणी कंपनीच्या ऑफिसात शिरल्या. चादरीत गुंडाळलेला फ्रिजचा दरवाजा दोघींनी धरला होता. दाराशी रखवालदार म्हणून योनातान उभा, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मासेवालीचा मुलगा.

"विसी मावशी! हे काय आणलंत?"

"इस्त्रीची फळी."

"एवढी मोठी?"

"आमच्याकडे माणसं जाडी आहेत. सरक."

योनातान सरकला. आत इतका गारवा होता की पास्तोराचं इन्शुलिन टेबलावर ठेवलं तरी चाललं असतं. सालूदचा नंबर आला. दरवाजा जमिनीवर आडवा पडला, चादर बाजूला झाली, विसीनं टाळी धरली. लोकांनी मोबाइल वर केले. काउंटरमागच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. सालूद नाचायला लागली आणि, खोटं का बोला, विसीच्या अंगावर काटा आला. बूट, पाय, बूट, पाय. चिठ्ठी हातात घेऊन बसलेला एक म्हातारा तोंड उघडं टाकून बघत होता. सालूद कमरेत वाकली, दोन बोटं फट उघडली, आणि सगळं ऑफिस त्या फटीत वाकून बघायला लागलं. विसीच्या फ्रिजमध्ये सगळे बघत होते आणि विसीकडे कुणीच बघत नव्हतं.

सहा, सात, आठ. विसीनं टाळी आडवी मारली.

सालूदचा उघडा पाय पत्र्यावरून सटकला. ती दोन पावलं धडपडली आणि माहितीपत्रकांच्या स्टँडवर आदळली. गुळगुळीत कागदावर हसणारी कुटुंबं दिव्याखाली बसलेली, ती सगळी पत्रकं ऑफिसभर उडाली.  मग काउंटरमागची एक पोरगी फिसकन हसली, तिच्यामागून रांगेतला एक माणूस, आणि मग सगळेच. नेरेआनं आजारी म्हाताऱ्यांच्या नावांची यादी वाचायला घेतली, पण ऐकतो कोण! साहेब बाहेर आले, त्यांचेही ओठ थरथरत होते. "बाईंना पाणी द्या," ते म्हणाले. पाण्यापेक्षा त्यांनी पोलीस बोलावले असते तर बरं झालं असतं.

 बसमध्ये सालूद घोटा चोळत बसली होती. तिनं एकदाच विसीच्या हातांकडे बघितलं.

घरी पोचल्या आणि अर्ध्या तासात वीज गेली. विसीनं दरवाजा दोन बोटं उघडला, नाक घातलं, डबी गालाला लावली. सहा मजले उतरली. कुर्रोच्या बारमध्ये चारजण एका मोबाइलवर वाकलेले होते आणि खिदळत होते. मोबाइलमध्ये सालूद पुन्हा पुन्हा स्टँडवर आदळत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, तारा चोरतात, आता ताल पण गेला.

"विसी, तुमची ती बार्सेलोनावाली एकदम भारी पडली गं," कुर्रो म्हणाला. डबी ठेवायला त्यानं बिअरच्या दोन बाटल्या सरकवल्या. "आता तीन महिने तरी कंपनी हसतच असेल."

विसी त्या फ्रिजकडे बघत उभी राहिली. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय, हे तिला तिथे, त्या बाटल्यांसमोर, पुरतं कळलं. आणि तरीही मनात एक कोपरा म्हणतच होता, पडली की नाही!

परत वर आली तेव्हा नेरेआ मोबाइल घेऊन पास्तोराजवळ बसली होती. सालूद खिडकीशी उभी. पास्तोराला त्र्याऐंशी वर्षं झाली, डोळ्यांनी धूसर दिसतं.

"दाखवू नकोस, ऐकव," ती म्हणाली.

नेरेआनं ऐकवलं. पास्तोरानं बोट गुडघ्यावर धरून ऐकलं. "पुन्हा." पुन्हा ऐकवलं. म्हातारीचं बोट आठव्या मात्रेनंतर हवेतच राहिलं.

"कोण चुकलं?"

विसीनं भिंतीला पाठ टेकली. 

"मी चुकले, आत्या," सालूद म्हणाली. "ताल सुटला माझा. इतकी वर्षं बाहेर राहिले, विसरले."

नेरेआनं खाली बघितलं. या घरात ‘मी चोरी केली’ म्हटलेलं चाललं असतं, पण ‘ताल सुटला’ हे वाक्य नाही. पास्तोरानं गुडघ्यावरचं बोट मुठीत मिटलं.

"मग त्या बाप्तिस्म्याच्या वेळचं माझं ओले मी परत घेते," ती म्हणाली. "तुझं नव्हतंच ते. चुकून गेलं."

पंचेचाळीस वर्षं विसीनं हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती. जिने धुताना, दवाखाना पुसताना, कितीदा तरी तिनं ते आईच्या तोंडी घालून पाहिलं होतं. आता ते खरंच आईच्या तोंडून आलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. विसीनं सालूदकडे बघितलं. सालूदचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती खिडकीच्या कठड्याला धरून उभी होती.

"टाळी मी आडवी मारली," विसी म्हणाली.

"मुद्दाम?" पास्तोरानं विचारलं.

"मुद्दाम."

"का गं, कार्टे?"

"का म्हणून काय विचारतेस! जन्मभर मी नाचले, तुझं आपलं नीट! तुझे पाय चेपले, तुला आंघोळ घातली, तुझी सुई टोचली. आणि ओले कुणाला, तर जी निघून गेली तिला!"

"नीट नाचायचीस म्हणून नीट म्हटलं," पास्तोराही भडकली. "भांडी घासल्यासारखी नाचायचीस तू. एक डाग राहायचा नाही. डाग नसलेल्या पातेल्याला कुणी ओले म्हणतं का?"

विसी मटकन खुर्चीत बसली. आता बोलायची पाळी सालूदची होती, आणि ती शांतपणे बोलली, हेच विसीला जास्त लागलं.

"मला तिथेच कळलं होतं. तुझे हात मी झोपेत ओळखीन."

"मग अंगावर का घेतलंस?"

"नाचणारी पडली तर लोक आठ दिवस हसतात. आडवी टाळी मारणारीला पुन्हा कुणी निरोप पाठवत नाही. तुझ्याकडे दुसरं आहे काय, विसी?"

घ्या! माफी द्यायची ती सुद्धा अशी, वरून. आता चांगुलपणातसुद्धा ही पुढे. विसीला रडू फुटलं, पण ते पश्चात्तापाचं किती आणि रागाचं किती, तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

"उद्या परत जा," पास्तोरा म्हणाली. "विसी नाचेल. सालूद टाळी धरेल."

"माझा गुडघा, आई..."

"गुडघा घरी ठेवून जा. आणि मला घेऊन चला. मीटर माझ्या नावावर आहे."

दुसऱ्या दिवशी योनातान दारात आडवा उभा होता. "मावशी, आज नको. साहेबांनी बजावलंय, दरवाजा घेऊन येणाऱ्या कुणालाही आत सोडायचं नाही."

"दरवाजा आहे का कुठे?" पास्तोरा चाकाच्या खुर्चीतून म्हणाली. "ए मासेवालीच्या, तुझ्या आईचं पहिलं बाळंतपण मी केलंय. तू तेव्हाही आडवाच आला होतास, आजही तसाच आडवा येतोस. ग्राहक आहे मी. चिठ्ठी दे."

योनातानला हसू आवरलं नाही. त्यानं स्वतःच चिठ्ठी काढून दिली.

चाळीस मिनिटं बसल्या. म्हातारीच्या मांडीवर इन्शुलिनची डबी, ओल्या टॉवेलात. सकाळी वीज गेली होती, आणि या वेळी विसीनं डबी कुर्रोकडे नेली नव्हती. कालच्या त्या पोरी काउंटरमागे होत्या आणि विसीला बघून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मग फलकावर त्यांचा नंबर लागला. विसी उठली. पायात जिने धुतानाचे रबरी तळव्यांचे बूट होते, त्यांचा आवाजच येत नव्हता. सालूदनं टाळी धरली.

विसीला सुरुवातच सापडेना. पहिला ताल तसाच गेला, दुसराही गेला. कुणीतरी खाकरलं. तिसऱ्याला तिनं पाऊल टाकलं आणि गुडघ्यातून कळ गेली, तशी ती काउंटरला धरून उभी राहिली. आणि तिला इतका राग आला, गुडघ्याचा, सालूदच्या बिनचूक टाळीचा, त्या फुकटच्या गारव्याचा, की धरलेला काउंटरच तिनं तळहातानं वाजवायला घेतला. एक पाय जागेवर, दुसरा ओढत. केस सुटले, नाक गळायला लागलं, ते तिनं बाहीला पुसलं. ती वाकली. दोन बोटं फट उघडली. नाक घातलं. सालूदनं यात डोळे मिटले होते, सुंदर दिसायचं. विसीनं मिटले नाहीत. सडलेले मासे हुंगताना कोण डोळे मिटतं? तिनं तोंड वाकडं केलं. मग वळून आईच्या मांडीवरून खरी डबी उचलली, टॉवेल काढून फेकला आणि ती गालाला लावली.

इथे नाच संपायचा होता. पण विसी थांबली नाही. पाय ओढत, तालात, ती काउंटरवर ओणवी झाली आणि काल फिसकन हसलेल्या त्या पोरीच्या गालाला तिनं डबी लावली.

"गार आहे?"

पोरगी घाबरून मागे झाली नाही, हे तिचं नशीब. सालूदची टाळी बारीक झाली, नुसती बोटांवर.

"सांग ना. तुझा गाल सांगेल. गार आहे?"

"नाही," पोरगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कोमट आहे."

"हे मी आज दुपारी माझ्या आईला टोचायचं का?"

टाळी थांबली. कुणी हसलं नाही. त्या गारढोण शांततेत चाकाच्या खुर्चीतून एक आवाज आला, आखूड आणि खरखरीत. विसीनं झटकन मान वळवली. पास्तोरा रुमाल तोंडाला लावून खोकत होती.

साहेब बाहेर आले, या वेळी ओठ घट्ट मिटून. त्यांनी पास्तोराचं नाव लिहून घेतलं, नेरेआची सगळी यादी घेतली. त्या पोरीनं स्वतः उठून ऑफिसच्या फ्रिजमधून बर्फ आणला. म्हणून वीज सुधारली असं समजू नका, त्या दुपारीही ती गेलीच. पण कुर्रोच्या बारमधला मोबाइल त्या दिवशी कुणी हसत बघितला नाही, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीतून विसीला निरोप आला. टाळीसाठी नव्हे.

परतीच्या बसमध्ये विसी आईच्या खुर्चीचा दांडा धरून उभी होती. सालूद समोरच्या बाकावर खिडकीशी. चार थांबे गेले. पाचव्याला तिच्यानं राहवेना.

"आई, मघाशी तू काही म्हणालीस का?"

"कधी?"

"मी डबी लावली तेव्हा."

"घशात काहीतरी अडकलं होतं."

"आणि?"

"निघालं," पास्तोरा म्हणाली, आणि रुमालाची घडी घालायला लागली. "आता डोकं खाऊ नकोस. घरी जाऊन सूप गार करायला ठेव. बर्फ आहे तोवर."

विसीनं वर बघितलं. सालूदनं ऐकलं होतं. खिडकीबाहेर बघत असल्याचं ती दाखवत होती, पण तिचं तोंड आंबलं होतं. ओठ आत ओढलेले, नाकपुड्या ताठ, मानेची शीर फुगलेली. विसीनं ते तोंड लगेच ओळखलं. पंचेचाळीस वर्षं आरशात तिनं तेच पाहिलं होतं.

उतरायचा थांबा आला. विसीनं सालूदच्या दुखऱ्या घोट्याकडे बघितलं आणि तिला हात दिला. सालूदनं तो घेतला, जरा जास्तच जोरात दाबून.

"टाळी बरी धरलीस," विसी म्हणाली. "नीट होती."